मिठाचा प्रश्न

गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याच्या आई क्लास सुटल्यावर जिन्यात थांबल्या होत्या. मुलगा नववीत. जपानी शिकायला येतो तो ॲनिमेपायी, म्हणजे जपानी कार्टून मालिकांपायी, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. मला वाटलं, फीच्या हप्त्याचं काहीतरी असेल. तर म्हणाल्या, "मॅडम, हा जेवताना मोबाइलवर ते रोबोटचं बघत बसतो. गंडम की काय ते. सगळं युद्धच असतं हो त्यात. बघू देऊ ना?"

हाच प्रश्न वर्गातही येतो, फक्त वेष पालटून. तिथे मी मॅडम नसते, सेन्सेई असते. "सेन्सेई, पहिली गंडम दहापैकी किती?" आयांना चारित्र्याचा दाखला हवा असतो आणि पोरांना मार्क. पुण्यात एकोणीस वर्षं जपानी शिकवते आहे, त्यात हा प्रश्न किती वेळा ऐकला याची मोजदाद नाही. दरवेळी जिन्यात उभ्या उभ्या दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि घरी येईपर्यंत वाटत राहतं की नीट सांगितलं नाही. पहिली गंडम कशी आहे, बघावी का, असं आता तुम्हीही विचारलंत म्हणून आज सवडीनं लिहिते.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. गंडम नावाच्या अनेक मालिकांतली ही पहिली ७ एप्रिल १९७९ला, शनिवारी संध्याकाळी साडेपाचला, नागोयाच्या वाहिनीवरून सुरू झाली. स्टुडिओ सनराइज, दिग्दर्शक योशियुकी तोमिनो. पृथ्वीवर माणसं मावेनाशी झाली म्हणून अवकाशात अजस्र नळकांड्यांसारख्या वसाहती बांधल्यात आणि पिढ्यानपिढ्या लोक तिथेच जन्मतात, मरतात. त्यातल्या सगळ्यांत लांबच्या वसाहतीनं स्वतःला झिऑन नावाचं संस्थान म्हणवून पृथ्वीच्या संघराज्याविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पुकारलंय. पहिल्याच मिनिटाला निवेदक सांगतो की, महिनाभराहून थोड्या अधिक लढाईत दोन्ही बाजूंनी मिळून निम्मी माणसं मारली आणि आपण काय केलं ते बघून सगळेच हादरले. मग आठ महिने युद्ध तसंच तुंबून राहिलंय. हे सगळं लहान मुलांच्या वेळेत, खेळण्यांच्या जाहिरातींच्या मधोमध.

नायक आमुरो रे, वय पंधरा. पहिल्या भागात तो बनियनवर कॉम्प्युटरपुढे बसलेला असतो आणि शेजारची फ्राउ बो त्याला सकाळी काही खाल्लं नाहीस म्हणून झापते. थोड्या वेळात त्याच्या वसाहतीवर हल्ला होतो, तो अठरा मीटर उंचीच्या एका लष्करी यंत्रात चढतो आणि माहितीपुस्तिका उघडून ते चालवायला लागतो. गंडम म्हणजे ते यंत्र. उरलेली कथा व्हाइट बेस नावाच्या जहाजाची. त्यावर निर्वासित, पोरंटोरं, थोडे सैनिक. कप्तान एकोणीस वर्षांचा.

आता मूळ मुद्द्यावर येते. युद्धावरच्या मालिकेची परीक्षा कशावरून करायची? पोरं सांगतात, लढाया कशा आहेत, डिझाइन कसं आहे, शेवट पटतो का. आया विचारतात, रक्त किती आहे. माझी कसोटी सोळाव्या भागात सापडली. त्या भागात तामुरा नावाचा मुख्य स्वयंपाकी कप्तानापुढे येऊन सांगतो, "शिओ गा तारान् नो देसु." मीठ पुरत नाही. पुस्तकी जपानीत तो 'तारिनाई' म्हणाला असता. 'तारान्' हे मुदपाकखान्यातल्या वयस्क माणसाचं बोलणं आहे, आपल्याकडे कुणी 'मीठ पुरंना झालंय बघा' म्हणावं तसं. खाली अठरा मीटरचं यंत्र उभं आहे, बाहेर शत्रू टपलाय आणि वर चर्चा चाललीय मिठाची. पुढे हे जहाज मध्य आशियातलं खारं सरोवर शोधायला निघतं आणि लढाई आडवी येते. जपानमध्ये चाहते आजही हे वाक्य विनोदानं वापरतात, स्वयंपाकघरात मिठाची बरणी रिकामी झाली की.

मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं नव्हतं. पानिपतावर रसद तुटली आणि उपाशी पोटी लढावं लागलं, हे ऐकत लहानाची मोठी झालेय. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत तलवारींची चित्रं असतात, पण हार-जीत दाण्यागोट्यानं ठरते हे सांगणारं एखादं वाक्यही असतंच. लहान मुलांच्या रोबोटच्या मालिकेत ते वाक्य असेल अशी मात्र अपेक्षा नव्हती. 'खाल्ल्या मिठाला जागणं' आपण सहज म्हणतो. जागायचं तर आधी ते मीठ कुणीतरी आणून द्यावं लागतं, आणि ही मालिका त्या आणून देणाऱ्यांकडे बघते.

एकदा ते दिसलं की सगळीकडे दिसायला लागतं. आमुरो प्रेमात पडतो ती मातिल्दा रसद पोहोचवणारी अधिकारी आहे, आणि ती मरते तेही त्याच कामावर असताना. शत्रूच्या बाजूला रांबा राल नावाचा अनुभवी, दिलदार सरदार आहे. त्याला कबूल केलेली नवी यंत्रं एक वरिष्ठ अधिकारी राजकारणापायी पोहोचूच देत नाही, वाटेत नष्ट झाली म्हणून खोटं सांगतो. राल मग हाताशी असलेल्या माणसांनिशी जहाजावर चालून जातो आणि मरतो. त्याच्या मरणाला गंडम जितका कारणीभूत आहे तितकाच त्याच्याच बाजूचा एक कागदी माणूस. याच रालनं आदल्या भागात वाळवंटातल्या एका खानावळीत आमुरोला पाहिलेलं असतं. रालबरोबरची बाई पोराला जेवण देऊ करते आणि पोरगा म्हणतो, मी भिकारी नाही, फुकट खायला मला काही कारण नाही. राल खूश होतो. पुढच्या गाठीला दोघं एकमेकांना आपापल्या यंत्रात ओळखतात.

मी ही मालिका पाहिली ती नागोयात, शिष्यवृत्तीवर एक वर्ष होते तेव्हा. खरं सांगायचं तर अभ्यास म्हणून. तिथल्या एका शिक्षिकेनं सांगितलं होतं, निवेदकाचं जपानी कानाला चांगलं आहे, ऐक. निवेदक इचिरो नागाई. जपानी घराघरांत रविवारी संध्याकाळी लागणाऱ्या एका कौटुंबिक मालिकेतले टकले, तापट वडील म्हणूनही त्यांचाच आवाज तेव्हा सगळ्यांना पाठ होता. भाड्यानं डीव्हीडी देणाऱ्या दुकानातून मी आठवड्याला दोन आणायची. पहिले चार भाग बघताना वही-पेन घेऊन बसले होते. पुढे वही बाजूला राहिली.

आठव्या भागात एक बाई लहान मुलाला घेऊन व्हाइट बेसवरून उतरते, तिला आपल्या गावी जायचंय. थोड्या वेळाच्या युद्धविरामात तिला सोडलेलं असतं. शत्रूचं टेहळणी विमान वरून तिच्यावर नजर ठेवून असतं. त्यातले दोन सैनिक आपापसात कुरकुरतात, मग एक पिशवी खाली टाकतात. खायचं-प्यायचं सामान. ती बाई घाबरून पोराला पोटाशी धरते, मग पिशवी उघडून बघते. भागाच्या शेवटी तिची त्या सैनिकाशी समोरासमोर गाठ पडते आणि ती विचारते, अमुक गाव कुठल्या दिशेला? तो सांगतो की हेच ते, गाव इथेच होतं. भोवती नुसतं माळरान. ती तिथेच बसकण मारते. गंडमशी या प्रसंगाचा काही संबंध नाही. त्यानं एकही खेळणं विकलं जाणार नव्हतं.

विकलं गेलंही नाही. पैसे घालणारी खेळण्यांची कंपनी क्लोव्हर नाराज होती, प्रेक्षक कमी होते, आणि बावन्न भागांची मालिका त्रेचाळीसवर गुंडाळली गेली. २६ जानेवारी १९८०ला शेवटचा भाग. मग पुनःप्रक्षेपणांत ती पोरांना सापडली, जुलै १९८०मध्ये बांदाई कंपनीनं तीनशे येनला जोडायचं प्लास्टिकचं मॉडेल बाजारात आणलं आणि ही मॉडेलं तुफान खपली. म्हणजे युद्धविरोधी म्हणून ज्या मालिकेचं कौतुक होतं, तिला जगवलं ते युद्धयंत्रांच्या खेळण्यांनीच. यावर हसावं की कपाळाला हात लावावा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

भाषेची बाई म्हणून मला अकरावा भाग सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच्या आदल्या भागात गार्मा नावाचा शत्रूचा तरुण राजपुत्र मरतो. त्याची प्रेयसी इसेलिना सूड घ्यायला येते, विमान कोसळतं, आणि आमुरो यंत्राबाहेर येतो तेव्हा ती त्याच्यावर पिस्तूल रोखून उभी असते. ती त्याला 'काताकी' म्हणते. जपानीत शत्रूला साधा शब्द 'तेकी'. तो समोरच्या फळीतला कुणीही असू शकतो, परीक्षेतला अवघड पेपरसुद्धा. 'काताकी' म्हणजे ज्याचा सूड घ्यायचा तो, ज्यानं आपलं माणूस मारलं तो. मराठीत शत्रू आणि वैरी यांत जितकं अंतर आहे त्याहून थोडं जास्तच. गोळी सुटत नाही, ती आधीच कोसळून मरते. आणि आमुरो नुसता उभा राहतो, तो शब्द तोंडातल्या तोंडात घोळवत: ती मला काताकी म्हणाली, मला. तोवर तो लोखंडी डबे फोडत होता. त्या बाईचं नावसुद्धा त्याला माहीत नाही. वर्गात हे दोन शब्द शिकवायचे असले की मी अजूनही हाच प्रसंग सांगते, आणि मागच्या बाकावरचा मोबाइल खाली जातो.

तेरावा भाग म्हणजे आईचा. आमुरो सुट्टी घेऊन जपानमधल्या आपल्या गावी येतो. घरात आपल्याच बाजूचे सैनिक दारू पिऊन लोळतायत, बाहेर फळं विकणाऱ्या बाईला त्रास देतायत. आई निर्वासितांच्या छावणीत भेटते. इतक्यात शत्रूची गस्त येते, तो आजारी असल्याचं सोंग करून खाटेवर पांघरूण ओढून पडतो. सैनिक जवळ येऊन पांघरूण काढायला लागतो आणि आतून गोळी सुटते. आई सैनिकाकडे बघत नाही, मुलाकडे बघते. साधा किडासुद्धा मारवत नव्हता तुला, म्हणते. त्याचं म्हणणं, हे युद्ध आहे, मी मारलं नसतं तर त्यानं मला मारलं असतं. दोघंही बरोबर बोलतायत, आणि दोघांचं बोलणं एकमेकांपर्यंत पोहोचत नाही. निघताना तो तिला कडक सलाम ठोकतो आणि म्हणतो, "ओताश्शा दे." प्रकृतीला जपा. हे आईला म्हणायचं वाक्यच नव्हे. गावाकडच्या लांबच्या आत्याला पत्राच्या शेवटी लिहावं तसं आहे ते. एका शब्दात पोरगा घरातून निघून गेला.

हे ऐकून तुम्हाला वाटेल की बाई आता दहापैकी दहा देणार. थांबा जरा.

माझा पहिला राग झिऑनच्या पोशाखावर. हे संस्थान सरळसरळ नात्सी साच्यात घडवलंय. गणवेश, हात उगारून घोषणा, रक्ताच्या श्रेष्ठतेची भाषणं. मालिकेत म्हातारा राजा स्वतःच्या थोरल्या मुलाला हिटलरचा चेला म्हणतो, म्हणजे बनवणाऱ्यांना आपण काय करतोय ते पक्कं माहीत होतं. गार्माच्या अंत्यविधीला हाच मुलगा, गिरेन, भाषण ठोकतो: माझा धाकटा भाऊ मेला, का? तिकडे एका बारमध्ये ग्लास हातात धरून बसलेला झिऑनचाच पायलट शार त्याला एका वाक्यात उत्तर देतो: पोरकट होता म्हणून. गार्माला मारवणारा शारच, त्याच्याच बाजूचा. तिरस्कार वाटावा असा प्रसंग आहे. पण गिरेनचं भाषण इतकं घोटीव, चित्रं इतकी देखणी, शारचा तांबडा गणवेश आणि मुखवटा इतका झोकदार, की पोरांना तिरस्कार वाटत नाही. माझ्या वर्गातलीच मुलं कॉसप्लेला, म्हणजे पात्रांचा वेश करून मिरवायला, झिऑनचे कोट शिवून घेतात आणि 'जीक झिऑन', म्हणजे झिऑनचा विजय असो, ओरडत फोटो काढतात. ओरडणारा पोरगा एरवी गोगलगाय असतो. त्याला त्याचा अर्थ माहीत नाही असंही नाही.

चूक बघणाऱ्याची, असं म्हणून मोकळं होता येईल. मी होत नाही. शत्रूला चेहरा द्यायचा, त्याच्या भुकेची, प्रेमाची गोष्ट सांगायची, हे या मालिकेचं सगळ्यांत मोठं काम. तेच करताना तिनं शत्रूला सगळ्यांत चांगले कपडेही दिले. रालसारख्या भल्या माणसाची गोष्ट सांगणं वेगळं आणि ज्या राज्यासाठी तो लढला ते राज्य पडद्यावर सुंदर दिसणं वेगळं. हा फरक दिग्दर्शकाला कळत होता, चित्रांना नाही.

यात मीही आलेच म्हणा. माझ्या टेबलावर शब्दकोशाशेजारी एक हिरवा झाकू उभा आहे, झिऑनचं साधं, घाऊक उत्पादनातलं यंत्र. भाच्यानं आणि मी मिळून दिवाळीच्या सुट्टीत जोडला. प्लास्टिकच्या चौकटीतून एकेक तुकडा निपरनं सोडवायचा, कापलेल्या जागी पांढरा डाग उरतो तो घासायचा. शेवटी डोक्यात एकच गुलाबी डोळा बसवायचा, तो फटीतून इकडून तिकडे सरकतो. भाच्याने तो डोळा उजवीकडे सरकवला आणि म्हणाला, "मावशी, हा तुझ्याकडे बघतोय." गंडम पांढरा-निळा-तांबडा, खेळण्याच्या दुकानातला दिसतो. झाकू दिसतो कारखान्यातला. आधीच्या रोबोटच्या मालिकांत दर आठवड्याला नवा राक्षस यायचा. इथे तेच ते यंत्र ओळीनं येतं, क्रमांकाचं, गोळ्या संपणारं, मोडणारं. रडार निकामी करणाऱ्या एका काल्पनिक कणाची थाप मारून सगळ्यांना जवळून लढायला लावलंय, ती थाप मी माफ करते. कथेच्या सोयीसाठी एक थाप चालते.

दुसरी थाप मात्र मला पचलेली नाही. मालिकेच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात 'न्यू टाइप' नावाची नवी माणसं येतात. अवकाशात राहून ज्यांना एकमेकांची मनं थेट कळतात अशी. कल्पना मोठी आहे, आई आणि मुलगा एकमेकांना ऐकू शकत नव्हते त्यावरचा उतारा म्हणून तर खासच. पण मिठाचा, रसदीचा हिशोब करणारी मालिका एकाएकी चमकणाऱ्या आकाशात संवाद म्हणायला लागते आणि माझा पाय जमिनीवरून सुटतो. त्यातही लाला. आडनाव सुन, ते मी फळ्यावर मुद्दाम ऱ्हस्व लिहिते, कारण दीर्घ लिहिलं की अख्खा वर्ग सासू-सुनेवर घसरतो. सावळी, कपाळावर टिकली, पिवळा झगा. पडद्यावर ती आली तेव्हा मी एकटीच खोलीत उठून बसले होते: अगं बाई, ही तर आपल्याकडची! ती शारनं हेरून आणलेली, त्याच्यासाठी लढणारी. आमुरोला ती समजते, तिला आमुरो समजतो, आणि एकेचाळिसाव्या भागात ती शारला वाचवायला मध्ये येते आणि आमुरोच्या हातून मरते. तिच्या मरणातून दोन पुरुषांना ज्ञान होतं आणि भांडायला जन्मभराचं कारण मिळतं. तिचं गाव कुठलं, ती तिथून का निघाली, मागे कोण आहे, हे मालिका विचारतच नाही. जिनं तामुराला नावानिशी उभा केला, तिला लालाला एक घर देता आलं नाही.

याच्या शेजारी मी नेहमी मिहारू ठेवते. अठ्ठाविसाव्या भागात मरते ती. बेलफास्टची मुलगी, आईबाप नाहीत, दोन लहान भावंडं. पैशासाठी झिऑनला बातम्या विकते. १९७९ साली जपानी मुलांच्या मालिकेनं हेरगिरी करणाऱ्या अनाथ मुलीसाठी बेलफास्ट निवडलं, तेव्हा खऱ्या बेलफास्टच्या रस्त्यांवर सैनिक आणि बाँब होते. जहाजावरचा काई, जो दर वाक्याला तिरकं बोलतो आणि ज्याला युद्धातून कधी एकदा पळतो असं झालेलं असतं, तो तिच्या घरी जेवतो, तिच्या भावंडांना बघतो. ती जहाजात शिरते, आणि आपल्या बातम्यांमुळे काय होतं ते बघून लढायला मदत करते. क्षेपणास्त्र सोडताना त्याच्या झोतानं उडून समुद्रात पडते. कुणी बघितलेलंही नसतं. काई खाली येऊन तिला शोधतो. लालासाठी अख्खं आकाश उजळतं, मिहारूसाठी काहीच नाही. मला विचाराल तर मालिकेचं खरं मोठेपण मिहारूच्या मरणात आहे.

बाकी दोष भराभर सांगते. चित्रं अनेक ठिकाणी वाईट आहेत. पात्ररचनाकार योशिकाझू यासुहिको शेवटाकडे आजारी पडून इस्पितळात गेले आणि ते दिसतं. एकच दृश्य चार वेळा येतं. गंडमला जोडायचं एक अवजड वाहन मध्येच घुसवलंय, ते खेळणं खपावं म्हणून, आणि त्याची जोडाजोडी बघता बघता चहा करून येता येतो. पुढे तीन चित्रपट काढले तेव्हा ते वाहन गाळून टाकलं. बायकांच्या वाट्याला कामं आहेत पण सुटका नाही. फ्राउ बो तर अख्खी मालिका भांडी, पोरं आणि आमुरोचा राग सांभाळते. पंधरावा भाग चित्रांच्या दृष्टीनं इतका डळमळीत की अमेरिकेत मालिका गेली तेव्हा तोमिनोंनीच तो वगळायला लावला. गोष्ट मात्र पळून आलेल्या एका सैनिकाची: ज्या मुलांचे आईबाप त्याच्या हातून मेले त्यांनाच तो एका बेटावर सांभाळतोय. भागाच्या शेवटी आमुरो त्याचं यंत्र समुद्रात फेकून देतो, लढाईचा वास तुमच्यापर्यंत शत्रूला ओढून आणतो म्हणून. यासुहिकोंनी २०२२मध्ये त्याच भागाचा अख्खा चित्रपट केला. मी दोन्ही पाहिले. मला अजून तो जुना, वाकड्या चेहऱ्यांचाच आवडतो, पण हे वय झाल्याचं लक्षण असेल.

मार्क मागणाऱ्यांना सांगते: सात. कापलेले तीन कुठे गेले ते वर आलंय. आणि सुरुवात कुठून करू, असं विचाराल तर १९८१ आणि ८२मधले तीन चित्रपट घ्या. मालिका चिरून केलेत, चित्रं बरीच सुधारली आहेत. पण मग तो बेटाचा भाग नाही मिळणार. नव्या मालिकांतून आलेल्या मुलांना जुन्याचा संथपणा सोसत नाही, त्यांना मी गंडमचीच सहा भागांची १९८९ची 'खिशातलं युद्ध' देते, फुमिहिको ताकायामा यांची. त्यात नायक पायलट नाही, यंत्रांचं वेड असलेला, शाळेत जाणारा मुलगा आहे. तो सैनिकांशी खेळता खेळता त्यांतल्या एकाशी खरीखुरी मैत्री करतो, आणि शेवटी शाळेच्या प्रार्थनेला उभा असताना रडायला लागतो. सोबतच्या पोरांना वाटतं, युद्ध संपलं म्हणून रडतोय. ती त्याची समजूत घालतात: रडू नकोस रे, परत लवकरच होईल, आणि याहून भारी होईल. हे मी एका बॅचला दाखवलं तेव्हा दिवे लावल्यावर कुणी मार्क विचारले नाहीत.

तर जिन्यातल्या त्या आईंना मी काय सांगितलं? बघू द्या, पण एक अट: आठवा आणि तेरावा भाग तुम्ही शेजारी बसून बघा. मोबाइलवर नाही, टीव्हीवर. उपशीर्षकं इंग्रजी आहेत, अडलं तर तोच सांगेल. आणि जेवताना नको. ही शेवटची अट मी उगाच घातली, जेवताना स्क्रीन मला चालत नाही म्हणून.

काल परत भेटल्या. तेराव्या भागापर्यंत आल्या होत्या, मुलाच्या पुढे दोन भाग, तो सहामाहीच्या अभ्यासात अडकलाय म्हणून. मी विचारलं, कसं वाटलं. म्हणाल्या, चित्रं जुनी आहेत. मग पायरीवर पिशवी टेकवून म्हणाल्या, "मॅडम, ती त्याची आई पुढे कधी येते? त्याला परत भेटते ना?"

नाही भेटत, म्हटलं.

"मग मी पुढचं नाही बघत," म्हणाल्या. "त्यालाच बघू दे."